गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाऊस : वास्तू, परिसर आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पुणे, अहिल्यानगर व नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयीन प्राध्यापकांना परिचित आहे. मान्यतेचे प्रस्ताव, अभ्यास मंडळाच्या बैठका, प्रबंध सादर करणे अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तिच्या पोर्चपर्यंत प्रत्येकाची एखादी तरी खेप झालेली असते. मात्र ही इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नाही, ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती, एवढ्यावरच या वास्तूविषयीची सर्वसाधारण माहिती संपते. वास्तुशैलीवर लिहिणारे तिच्या इटालियन वळणाच्या मनोऱ्याचे वर्णन करतात. राजकीय इतिहासाचे अभ्यासक २२ जून १८९७च्या रात्रीपुरता तिचा उल्लेख करतात. या दोन उल्लेखांच्या मधला दीर्घ काळ ही वास्तू उभी कशी राहिली, तिच्यावर खर्च कोणी केला, आणि तिच्यासोबत निर्माण झालेल्या विस्तीर्ण परिसराचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

शासकीय वास्तूचा इतिहास हा बांधकामाइतकाच देखभालीचाही इतिहास असतो, या दृष्टीने प्रस्तुत लेखात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसचा विचार केला आहे. इमारत आणि परिसर ही मुळात एकच रचना होती. पुढे त्यांची मालकी व देखभाल वेगवेगळ्या हातांत गेली. इमारतीला 'वारसा' म्हणून मान मिळाला. जमीन मात्र 'उपलब्ध जागा' ठरली. हा फरक कसा पडत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे.

दापोडीहून गणेशखिंडीकडे

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात गणेशखिंड हे नाव इतिहासात ठळकपणे येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या वेळी पेशव्यांचे सैन्य गणेशखिंडीच्या बाजूने पुढे सरकले होते. त्याच दिवशी संगमावरील एल्फिन्स्टनचे निवासस्थान जाळले गेले. पेशव्यांच्या नोकरीत राहून कवायती पलटण उभी करणारा कॅप्टन फोर्ड दापोडीला राहत असे. ती पलटण त्या दिवशी इंग्रजांना जाऊन मिळाली. मोरो दीक्षित मराठे याच पलटणीवर चाल करताना पडले. ज्या खिंडीतून एका सत्तेची फौज शेवटची उतरली, तिथेच पुढे दुसऱ्या सत्तेचे निवासस्थान उभे राहिले. हा योगायोग होता की हेतू, याची चर्चा करण्याचे कारण नाही. उंचवट्याची, मोकळ्या वाऱ्याची आणि खडकीच्या छावणीपासून जवळची जागा कोणत्याही लष्करी मनाच्या राज्यकर्त्याने निवडली असती.

गव्हर्नरचे पुण्याजवळचे पहिले निवासस्थान मात्र दापोडीला होते. फोर्डचा बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला आणि त्याला जोडून वनस्पती उद्यान सुरू केले. या उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हा मूळचा वैद्यक. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका पोर्तुगीज वळणाच्या भारतीय चित्रकाराकडून दापोडीच्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. चित्रकाराचे नाव कागदोपत्री उरलेले नाही. चित्रे एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दापोडीच्या उद्यानाची सर्वांत चांगली नोंद अशा रीतीने दापोडीपासून हजारो मैलांवर सांभाळली गेली.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे प्रवासाचे स्वरूपच पालटले. पावसाळ्यात संपूर्ण शासन पुण्यास हलवणे आता सोपे झाले होते. दापोडीचा नदीकाठचा बंगला या वाढत्या थाटाला अपुरा वाटू लागला. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर याने दापोडीची मिळकत मोडून गणेशखिंडीस नवे निवासस्थान बांधण्याचे ठरवले.

बांधकाम आणि खर्चाचा वाद

फ्रिअरच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध हा मुंबईच्या भरभराटीचा काळ होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. याच काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली व मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या शासकीय इमारतींची आखणी झाली. तटबंदी हटवण्यासाठी नेमलेल्या समितीचा वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ याच्याकडेच गणेशखिंडीच्या वास्तूचे काम आले. बांधकाम १८६४ च्या सुमारास सुरू झाले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, शेअरांचा सट्टा बुडाला, मुंबईतील अनेक पेढ्या व बँका उठल्या. गणेशखिंडीचे काम मात्र थांबले नाही. फ्रिअर १८६७ मध्ये स्वदेशी परतला. त्याच्या जागी आलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्डच्या काळात काम चालू राहिले आणि १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे १,७५,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसतरा लाख रुपयांच्या घरात गेला. या खर्चाची झळ लंडनपर्यंत पोहोचली. मुंबईच्या गव्हर्नरांची उधळपट्टी आणि वरिष्ठांची आज्ञा न जुमानण्याची वृत्ती यांचे ठळक उदाहरण म्हणून कॉमन्स सभागृहाच्या पातळीवर या इमारतीकडे बोट दाखवले गेले. एखाद्या वास्तूचा जन्मच लेखापरीक्षणाच्या शेऱ्याखाली व्हावा, ही गोष्ट आजच्या विद्यापीठीय प्रशासनाला फारशी अनोळखी वाटणार नाही.

संसदेतील टीकेचा रोख हिशेबाच्या शिस्तीवर होता. हा पैसा कोणाचा, हा प्रश्न तिथे गौण राहिला. पुणे जिल्ह्याच्या बाजूने पाहिले तर तोच मुख्य प्रश्न ठरतो. इमारत पूर्ण होण्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १८७० मध्ये, पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. १८७६-७८ चा भीषण दुष्काळ त्यापाठोपाठ आला. शेतसाऱ्याची वाढीव आकारणी, घसरलेले कापसाचे भाव आणि कर्जाचा विळखा ही या दंग्यांमागील कारणे दंगेचौकशी आयोगासमोर मांडली गेली. ज्या तेजी-मंदीच्या चक्रातून गणेशखिंडीचा मनोरा उभा राहिला, त्याच चक्राने इंदापूर-शिरूरचा शेतकरी खाली आणला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांची एक कृती लक्षात घेण्याजोगी आहे. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचे ठरवले. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे सांगून जोतीरावांनी ठरावाला विरोध केला. विरोध करणारे ते एकटेच होते. साडेसतरा लाखांपुढे हजार रुपये ही रक्कम किरकोळ दिसते, पण प्रश्न तोच होता. पुढे ९ ऑगस्ट २०१४ रोजी विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०२२ मध्ये त्यांचा पुतळा या परिसरात उभा राहिला. या घटनेला १८८० च्या त्या एकाकी विरोधाची पार्श्वभूमी आहे, याची आठवण त्या वेळच्या भाषणांपेक्षा अभ्यासकांनीच अधिक ठेवायला हवी.

वास्तूचे स्वरूप आणि पावसाळी शासन

दुमजली पाखे, त्यांना जोडणारा मधला भाग आणि त्यावर उंच उठणारा ध्वजाचा मनोरा अशी इमारतीची ढोबळ रचना आहे. मनोऱ्याचे वळण राणी व्हिक्टोरियाच्या वाइट बेटावरील ऑस्बर्न हाऊस या निवासस्थानाची आठवण करून देते. समारंभाची दालने एकीकडे आणि खासगी दालने दुसरीकडे अशी विभागणी होती. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे ठेवून भुयारी मार्गाने जोडले होते. धूर, वास आणि नोकरवर्गाची ये-जा पाहुण्यांच्या दृष्टीआड राहावी, हा त्यामागील उद्देश. पुण्यात भुयार म्हटले की शनिवारवाडा आणि पर्वती यांच्या कथा लगेच जोडल्या जातात. गणेशखिंडीचे भुयार मात्र जेवणाच्या ताटांसाठी होते.

इमारतीचा मुख्य दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. तो कठीण असतो, पाणी फारसे शोषत नाही आणि कोरीव कामाला चिवट असतो. त्यामुळे अशा इमारतींचा दुबळा भाग दगड नसतो, तर दगडांमधील चुन्याच्या दरजा, छपराचे सागवानी लाकूड आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी असतात. उंच छते, रुंद कमानींचे सज्जे आणि मोठ्या खिडक्या ही रचना दमट हवेत वारा खेळता ठेवण्यासाठी होती.

गव्हर्नरचे वर्ष तीन ठिकाणी वाटलेले असे. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरला आणि जूनपासून पावसाळा पुण्यात. गणेशखिंडीची इमारत म्हणून वर्षातील चार-पाच महिने गजबजलेली आणि उरलेला काळ जवळजवळ रिकामी असे. देखभालीच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याला हिवाळा व उन्हाळा मोकळा मिळे. छपराची तपासणी, दरजा भरणे, लाकडाला तेलपाणी, पन्हळी साफ करणे ही कामे गव्हर्नर येण्यापूर्वी उरकायची असत. छप्पर गळते की नाही याची परीक्षा पहिल्याच वळवाने होई, आणि गळालेच तर तक्रार करणारा माणूस इलाख्यातील सर्वांत मोठा अधिकारी असे. देखभालीसाठी यापेक्षा प्रभावी व्यवस्था कल्पिता येणार नाही.

२२ जून १८९७ ची घटना याच पावसाळी वेळापत्रकातून घडली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याचा समारंभ गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट याच्या निवासस्थानी त्या रात्री होता. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे रोषास पात्र ठरलेला वॉल्टर चार्ल्स रँड तेथून परतत असताना दामोदर हरी चापेकर यांनी त्याच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट याच्यावर बाळकृष्ण चापेकर यांनी गोळी झाडली. आयर्स्ट तत्काळ मरण पावला, रँड ३ जुलैला. या घटनेवर विपुल लेखन झाले आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. एवढेच नोंदवावे की गावापासून मुद्दाम दूर ठेवलेल्या निवासस्थानाकडे जाणारा एकमेव मोठा रस्ता हा त्या व्यवस्थेचा कच्चा दुवा होता. ज्या दुराव्यासाठी ही जागा निवडली गेली, त्यानेच हल्ल्याला निर्जन अंधार पुरवला.

परिसर : उद्यान, फळबाग आणि शास्त्र

गव्हर्नमेंट हाऊसच्या इतिहासातील सर्वांत उपेक्षित प्रकरण म्हणजे त्याचा परिसर. मुख्य इमारतीभोवती हिरवळी, फुलांचे वाफे, वळणदार गाडीरस्ते आणि दुतर्फा झाडी होती. अंगरक्षक दलाची छावणी, तबेले, अधिकाऱ्यांचे बंगले आणि नोकरवर्गाची वस्ती हा त्याचाच भाग. याशिवाय दापोडीचे वनस्पती उद्यान बंद झाल्यावर त्याची परंपरा पुढे चालवण्यासाठी १८७३ मध्ये गणेशखिंडीचे वनस्पती उद्यान स्थापन झाले. जी. मार्शल वुड्रो हा त्याचा अधीक्षक आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा अध्यापकही. भारतातील बागकामावरील त्याचा ग्रंथ दीर्घकाळ वापरात होता, आणि आंब्याच्या जातींवरील त्याचे पुस्तक १९०४ मध्ये निघाले.

उद्यानाचा हेतू शोभेपुरता नव्हता. इलाख्यात कोणती झाडे रुजतात, कोणत्या कलमांना बाजार मिळेल, कोणती जात कोठे लावावी याची चाचणी येथे होत असे. आंब्याच्या निरनिराळ्या जाती एकत्र लावून त्यांची तुलना करण्याचे काम विसाव्या शतकात बर्न्स व प्रयाग यांनी पुढे नेले आणि १९२० च्या सुमारास आंब्यावरील त्यांची पुस्तिका कृषी खात्याने प्रसिद्ध केली. १९२७ मध्ये चीमा व देशमुख यांनी गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात अलाहाबाद सफेदा या पेरूच्या रोपांतून एक निवड केली. तीच 'लखनौ-४९', म्हणजे आज महाराष्ट्रभर 'सरदार' या नावाने लावला जाणारा पेरू. नावात लखनौ असले तरी या पेरूचे मूळ पुण्यातील आहे. गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झालेले दरबार, मेजवान्या आणि नृत्यसमारंभ यांतील एकाही गोष्टीचा परिणाम इतक्या घरांपर्यंत पोहोचलेला नाही. साडेसतरा लाखांच्या इमारतीपेक्षा बाजूच्या बागेतील एका रोपाने इलाख्याला अधिक दिले, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो खोडून काढणे कठीण जाईल.

गव्हर्नरचा बंगला, वनस्पती उद्यान आणि फळसंशोधन ही एकाच विस्ताराची तीन अंगे होती, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे. पाणी, रस्ते आणि जुनी झाडी यांचा त्यांना एकत्र आधार होता.

१९४९ : निवासस्थानाचे विद्यापीठ

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरसाठी इतकी निवासस्थाने ठेवण्याचे प्रयोजन उरले नव्हते. महाराष्ट्रासाठी पुण्यात स्वतंत्र विद्यापीठ असावे ही मागणी जुनी होती. मुंबई विधिमंडळाने १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा केला आणि १० फेब्रुवारी १९४९ हा विद्यापीठाचा स्थापना दिन ठरला. बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. प्रारंभी विद्यापीठाची कचेरी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारातील निजाम अतिथिगृहात होती. मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांच्या पुढाकाराने गणेशखिंडीची इमारत व ४११ एकर जागा विद्यापीठास मिळाली आणि १ जून १९४९ पासून कामकाज या वास्तूत सुरू झाले. राजभवनासाठी लगतचा थोडा भाग राखून ठेवण्यात आला. वनस्पती उद्यान व फळबाग कृषी खात्याकडे राहिली आणि पुढे कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत गेली.

एका निर्णयाने इमारत वाचली, असे येथे निःसंकोच म्हणता येते. तुलनेसाठी इतर दोन गव्हर्नमेंट हाऊस पाहावीत. परळचे जुने निवासस्थान लेडी फर्ग्युसन १८८२ मध्ये तेथे पटकीने दगावल्यानंतर मागे पडले. ते टिकले याचे कारण १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली. आजही हाफकिन संस्था त्याच वास्तूत आहे. मलबार पॉइंटचे निवासस्थान अखंड राज्यपालांकडेच राहिले. परंतु १८८५ पासून वापरात असलेली तेथील 'जलभूषण' ही वास्तू आयुर्मान संपल्याने पाडावी लागली. मूळची ठळक वैशिष्ट्ये राखून बांधलेल्या नव्या 'जलभूषण'चे उद्घाटन १४ जून २०२२ रोजी झाले. त्याच आवारात २०१६ मध्ये जमिनीखालील इंग्रजकालीन भुयारी दालने सापडली, हेही बोलके आहे. इतकी वर्षे अखंड वापरात असलेल्या शासकीय आवाराचा स्वतःचाच तपशील तिथल्या नोंदींतून निसटला होता. वापर बदलल्याने वास्तू भ्रष्ट होते असा एक समज आढळतो. परळ व गणेशखिंड ही दोन्ही उदाहरणे त्याविरुद्ध साक्ष देतात. पुण्यातील विश्रामबागवाडा १८२१ पासून पाठशाळा व नंतर कचेऱ्या म्हणून वापरात राहिला, म्हणूनच पेशवेकालीन वाड्यांपैकी तो बऱ्या अवस्थेत पोहोचला.

मात्र वापराचे स्वरूप बदलले की देखभालीचे गणितही बदलते. एका कुटुंबाने पाच महिने वापरावी म्हणून बांधलेली इमारत आता बारा महिने कचेरी झाली. दुरुस्तीसाठी मिळणारा रिकामा हंगाम नाहीसा झाला. नृत्यदालनासाठी काढलेल्या लाकडी तक्तपोशीवर फायलींच्या कपाटांचे वजन आले. दिवे, पंखे, दूरध्वनी, संगणक आणि वातानुकूलन यांच्या तारा-नळ्या एकावर एक चढत जाणे हे अशा प्रत्येक वास्तूच्या वाट्याला येते. रचनेने दिलेला वारा लाकडी आडभिंतींनी अडवायचा आणि मग यंत्राने विकत घ्यायचा, हा व्यवहार केवळ गणेशखिंडीतच नव्हे, तर राज्यातील बहुतेक जुन्या कचेऱ्यांत झाला आहे.

दुरुस्तीचे वास्तव

काळ्या पाषाणाच्या व चुन्याच्या इमारतीची दुरुस्ती हा तंत्राचा विषय आहे, पण त्याहून अधिक तो कार्यपद्धतीचा विषय आहे. चुना हवेतील ओल आत घेतो आणि बाहेरही टाकतो. भिंतीत शिरलेले पाणी दरजांवाटे वाळून निघते. अशा दरजांवर सिमेंट भरले की ती वाट बंद होते, ओल भिंतीच्या आत अडकते आणि गिलाव्याचे पोपडे आतल्या बाजूने सुटू लागतात. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असल्याने दगडाच्या कडाही फुटतात. जुन्या पद्धतीत चुना घाण्यावर मळून मुरवला जाई. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची प्रथा होती. हे ज्ञान गवंड्यांच्या घराण्यांत होते, छापील दरसूचीत नव्हते.

अडचण येथेच उद्भवते. शासकीय कामाचे अंदाजपत्रक दरसूचीवरून बनते, काम सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते आणि पैसे मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवर दिले जातात. चुना मुरण्यासाठी लागणारे आठवडे मोजमाप पुस्तिकेत बसत नाहीत. कमानीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढायला अर्धा दिवस लागतो आणि वरवर छाटायला दहा मिनिटे. दोन्हीची नोंद एकाच ओळीत होते. रोप पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते, यात दोष पिंपळाचा नसतो. निधीचेही तसेच आहे. छप्पर गळून तक्तपोशी कोसळली की 'विशेष दुरुस्ती'ला मोठी तरतूद होते. पन्हळी दरवर्षी साफ करणाऱ्या चार माणसांच्या पगाराला मात्र स्वतंत्र शीर्ष सापडत नाही. मोठ्या नूतनीकरणाचा फलक लागतो, वार्षिक देखभालीचा लागत नाही.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की वसाहतकालीन गव्हर्नरच्या हवेलीवर लोकांचा पैसा खर्च करण्याचे विद्यापीठाला कारण काय. वर सांगितलेला खर्चाचा इतिहास पाहता हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. परंतु तो इमारतीच्या मालकीची तारीख विसरतो. १८७१ पासून १९४९ पर्यंत ती गव्हर्नरची होती, हा काळ ७८ वर्षांचा. विद्यापीठाच्या ताब्यात ती तेव्हापासून आहे, आणि गव्हर्नरच्या ताब्याची वर्षे या वापराने २०२७ मध्ये गाठली जातील. मूळ पैसा येथील शेतसाऱ्याचा होता. तो वसूल झाल्याचे समाधान हवे असेल तर इमारत पडू देणे हा त्याचा मार्ग नव्हे.

परिसराच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. पुणे महानगरपालिकेच्या वारसा यादीत मुख्य इमारत आहे आणि तिच्याविषयी सार्वजनिक आस्थाही आहे. तिच्याभोवतीची जमीन मात्र प्रत्येक दशकात नव्या गरजेला तोंड देत आली. यातील काही गरजा निर्विवाद होत्या. विद्यापीठाचे विभाग, वसतिगृहे, जयकर ग्रंथालय आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले आयुका यांना जागा हवीच होती. आयुकाची चार्ल्स कोरिया यांनी रचलेली वास्तू तर जुन्या परिसरात नवे बांधकाम कसे करावे याचा वस्तुपाठ मानता येईल. मनोऱ्याशी स्पर्धा न करता ती जमिनीलगत, काळ्या दगडात आणि अंगणांभोवती पसरते. सगळी बांधकामे या विचाराने झाली असे मात्र म्हणता येत नाही.

सर्वाधिक आघात बाहेरच्या कडेला झाला. विद्यापीठ चौकात बांधलेला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकात, २०२० मध्ये, पाडण्यात आला, कारण मेट्रो मार्गिकेसाठी दुमजली पूल हवा होता. साडेसतरा लाखांच्या इमारतीला दीडशे वर्षांनंतर दुरुस्तीचा खर्च लागतो तेव्हा त्यावर प्रश्न येतात. पंधरा वर्षांत निरुपयोगी ठरलेल्या पुलाच्या बाबतीत तितके आले नाहीत. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुने वटवृक्ष तोडण्याचा विषय २०२३ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकात आखलेल्या या रस्त्याची दुतर्फा झाडी ही त्या वास्तुरचनेचाच भाग आहे, असा मुद्दा वारसा यादीच्या चौकटीत मांडता येत नव्हता. यादीत इमारत होती, रस्ता नव्हता.

कृषी विद्यापीठाच्या ताब्यातील गणेशखिंड उद्यानाला मात्र वेगळ्या कायद्याचा आधार मिळाला. जैवविविधता कायद्याखाली महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये या सुमारे ३३ हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. एकाच मूळ विस्ताराचे दोन भाग अशा रीतीने दोन निराळ्या यादींत आले. एक दगडासाठी, दुसरा झाडांसाठी. दोहोंमधील रस्ता, बराकींच्या जागा, जुने पाण्याचे पाट आणि विद्यापीठाच्या आवारातील मोठी झाडे कोणत्याच यादीत नाहीत. ट्रबशॉची इमारत, वुड्रोचे उद्यान आणि त्यांना जोडणारी झाडी यांचा एकत्रित नकाशा करून प्रत्येक जुन्या झाडाची व बांधकामाची नोंद ठेवण्याचे काम इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल या तीन विभागांनी मिळून करता येण्याजोगे आहे, आणि ते तिन्ही विभाग याच आवारात आहेत.